चार जानवी, माणसे तीन



बनारसीदास म्हटले की आपल्याला स्वाध्यायातले 'समयसार नाटक' आठवते. त्यांनीच 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 'अर्धकथानक' हे आपले चरित्र पद्यात लिहिले. माणसाचे आयुष्य 110 वर्षांचे धरले, म्हणून कथा अर्धी. मी मात्र ते पिशवी भरायला बसलेल्या बाईच्या नजरेने वाचले. काय बरोबर घेतले, कुठे ठेवले, रात्री कुठे टेकले?

जौनपूरहून आग्र्याला निघताना वडिलांनी, खरगसेनांनी, रत्ने दिली, वीस मण तूप, दोन कुप्पे तेल आणि दोनशे रुपयांचे कापड. कुप्पा म्हणजे कातड्याचा बुधला. आपल्याला ऐकवत नाही, पण बैलगाडीच्या हिसक्यांत मातीचे मडके किती टिकणार? इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराईत जागा नाही, गावात कुणी दार उघडेना. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत शिरले, तर तिथला एक दांडगा माणूस बाहेर काढायला उठला. मग त्यालाच दया आली. तो खाटेवर झोपला आणि हे खाटेखाली, त्याने दिलेल्या तरटावर.

एवढे करून आग्रा गाठले आणि काही रत्ने बांधली इजारीच्या नाडीत! ती पडून गेली. कापडात बांधलेली माणके उंदराने नेली. माझी आजी यात्रेला निघताना परकराला आतून चोरखिसा शिवायची, तोही दुहेरी टाक्याचा. नाडीवर तिने भरवसा ठेवला नसता.

पुढे एकदा तिघे पाटण्याकडे निघाले. चांदणे पाहून उजाडले असे वाटले, मध्यरात्रीच चालू लागले आणि रानात वाट चुकली. हमाल ओझे टाकून पळाला, ते तिघांनी डोक्यावर वाटून घेतले. पोहोचले ते थेट चोरांच्या गावात. बनारसीदासांनी चौधऱ्याला आशीर्वादाचा श्लोक म्हटला. त्याने ब्राह्मण समजून नमस्कार केला आणि आसरा दिला. रात्री तिघांनी सूत काढून दोरे वळले, जमिनीची माती नि तळ्याचे पाणी घेऊन कपाळी टिळे लावले.

इथे मी अडले. सत्य अणुव्रताचे काय? सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, रत्नकरंडात स्थूल असत्य बोलू नये असे आहे, तसेच विपत्ती आणणारे सत्यही बोलू नये असे आहे. मला पूर्ण पटले नाही. ती विपत्ती दुसऱ्याची असेल तर ठीक. इथे जीव आपलाच होता, आणि सोंग काही तोंडातून निसटलेला शब्द नव्हे. पण स्वतःबद्दल हे लिहून ठेवायला त्यांना कुणी सांगितले नव्हते, हेही खरे.

सकाळी चौधऱ्यानेच फतेहपूरची वाट दाखवली. आणि एक बारीक गोष्ट: त्या रात्री त्यांनी जानवी चार केली होती. तीन घातली, एक जादा म्हणून जवळ ठेवले.