वसईच्या तहातील एका कलमाची दोन स्थित्यंतरे

करार मोडणे आणि कराराची कलमे फिरून ठरविणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. फेरकरारात मूळ बंधन कायम राहते. केवळ त्याची मर्यादा बदलते. ती कोणाच्या इच्छेने बदलली, हे मात्र तहनाम्याच्या भाषेवरून क्वचितच उमगते. दुसरा बाजीराव व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामधील वसईच्या तहाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

३१ डिसेंबर १८०२ च्या या तहान्वये कंपनीने किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज द्यावयाची व तिच्या खर्चाकरिता पेशव्याने सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावयाचा, असे ठरले. त्याखेरीज युद्धप्रसंगी पेशव्याने स्वतःचे दहा हजार घोडदळ व सहा हजार पायदळ आणावे, असेही कलम होते. पुण्यातून पळालेल्या पेशव्याला हे ओझे पेलणारे नव्हतेच.

वर्षभरातच, डिसेंबर १८०३ मध्ये, पुरवणी कलमे झाली. त्यांत हा आकडा पाच हजार घोडदळ व तीन हजार पायदळ असा निम्म्यावर आला. शिवाय कर्नाटकातील सावनूरचा व गुजरातेतील काही मुलूख पेशव्यास परत मिळाला आणि कंपनीने त्याबदली बुंदेलखंडातील प्रदेश घेतला. बुंदेलखंडात पेशव्याची सत्ता बव्हंशी नाममात्र होती; म्हणजे जे हाती नव्हते ते देऊन त्याने हाताशी असलेले सोडविले. कंपनीलाही आपल्या सरहद्दीलगतचा तो प्रदेश हवाच होता. उभयतांची गरज भागविणारा हा खरा फेरकरार म्हणता येईल. बाजीरावास सरसकट अजाण ठरविणाऱ्या इतिहासकारांनी याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

१८१७ चा प्रकार निराळा होता. गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरी १८१५ मध्ये खून झाला. त्या प्रकरणात ठाण्यास कैदेत ठेवलेला त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये निसटला. त्याला पेशव्याची आतून फूस होती, ही एल्फिन्स्टनची तक्रार निराधार म्हणता येत नाही. परंतु तिच्या निवारणार्थ जे मागितले गेले ते तक्रारीच्या प्रमाणात नव्हते. मे महिन्यात पुण्याभोवती कंपनीची फौज उभी राहिली. सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून घेण्यात आले. आणि १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला.

याही तहाने वसईचा तह मोडीत काढला नाही. त्याच पायावर नवी कलमे चढविली. फौजेचा आकडाही पाच हजार घोडदळ व तीन हजार पायदळ असा पूर्वीचाच राहिला. फरक इतकाच की ती फौज आता पेशव्याने बाळगावयाची नसून कंपनीने बाळगावयाची होती आणि तिच्यासाठी पेशव्याने चौतीस लक्षांचा मुलूख द्यावयाचा होता. मूळ तैनाती फौजेसाठी दिलेल्या मुलुखाहून ही रक्कम आठ लक्षांनी अधिक भरते. मराठी संघाचे प्रमुखत्व सोडल्याचेही याच तहात बाजीरावाकडून लिहून घेण्यात आले.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. तेव्हा या तहास पाच महिनेही पुरे झाले नव्हते.