खिल्लाराचे उरलेले काम : माढा ते माणदेश, बैलगाडी शर्यतींचा इतिहास

१/ माढा म्हटले की आज ऊस आणि निवडणूक आठवते. २००८ च्या पुनर्रचनेत आकाराला आलेल्या माढा लोकसभा मतदारसंघात सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि सातारा जिल्ह्यातील फलटण, माण हे विधानसभा मतदारसंघ येतात. याच नकाशाचा दक्षिण व पश्चिम भाग ही खिल्लार बैलाची जुनी भूमी आहे. त्या बैलाच्या शर्यतीवर काही वर्षे बंदी होती. ती का आली, कशी उठली आणि मधल्या काळात नेमके काय पणाला लागले होते, हे पाहू.

२/ खिल्लार हा कामाचा गोवंश. पांढरट-करडा रंग, मागे वळलेली लांब शिंगे, काटक पाय आणि चपळ चाल. माणदेशासारख्या अवर्षणप्रवण मुलखात कमी चाऱ्यावर राबणारा हा बैल पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला गेला. खिल्लार गाय मात्र दूध थोडे देते. त्यामुळे या वंशाचे मोल गाईच्या कासेवर नव्हे, तर खोंडाच्या खांद्यावर ठरत आले.

३/ नांगर, मोट आणि गाडी ही त्या खांद्याची तीन कामे. ज्याच्याकडे एकच बैल असे, तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी पैरा करी. दोघांचे बैल एका जुवाखाली येत आणि दोघांची शेते आळीपाळीने नांगरून निघत. ‘पैरा’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

४/ मग काळ बदलला. विजेच्या पंपाने मोट संपवली. माढा तालुक्यातील भीमानगर येथे भीमेवर उभारलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाच्या पैशातून ट्रॅक्टर आला. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या कारखान्यांच्या रस्त्यांवर दिसत राहिल्या. पण सामान्य शेतकऱ्याच्या दावणीचा बैल हळूहळू कमी होत गेला. खिल्लाराला जुन्या कामांपैकी एकच पूर्ण मानाचे काम उरले, ते म्हणजे यात्रेतील शर्यत.

५/ शेतकऱ्यांच्या जत्रेतून शर्यत जन्मते, हे जगात इतरत्रही घडले आहे. डिसेंबर १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर मातीच्या गोल धावपट्टीवर मोटारसायकली धावल्या आणि ‘स्पीडवे’ या खेळाला चालना मिळाली. चार स्वार, चार फेऱ्या, गाडीला ब्रेक नाही. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्या साखळी स्पर्धा सुरू झाल्या. वरची श्रेणी, खालची श्रेणी अशी उतरंड तयार झाली. तिथे जत्रेच्या मैदानात यंत्र उतरले. आपल्याकडे यंत्राने शेत घेतले आणि बैल मैदानात उतरला.

६/ आपल्या शर्यतीलाही उतरंड आहे. सातारा-सांगली-सोलापूर पट्ट्यात दोन बैलांच्या हलक्या गाड्या सपाट मैदानावर शेजारशेजारच्या पट्ट्यांतून एकाच वेळी सुटतात. गटातील पहिली गाडी सेमीला, सेमीतील पहिली फायनलला. पुण्याकडचा बैलगाडा वेगळा: चढाचा घाट, पुढे घोडी, एकेक बारी आणि निकाल सेकंदांवर.

७/ सपाट मैदानांतही ‘ओपन’ आणि ‘आदत’ असे भेद होतात. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असे कोवळे खोंड. नामांकित बैल ओपनमध्ये धावतात. आदत मैदान ही खालची पायरी. तिथे चमकलेल्या खोंडाची किंमत वाढते आणि लहान शेतकऱ्याला खोंड सांभाळण्याचे कारण मिळते. एका मालकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशी जुंपला जातो, त्यालाही ‘पैरा’च म्हणतात. शेतातले नाते शब्दासकट मैदानात आले.

८/ मात्र या मैदानाला काळी बाजूही होती. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका या क्रूर प्रकारांच्या तक्रारी न्यायालयांपुढे आल्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ११ जुलै २०११ रोजी केंद्राने प्रदर्शन व खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीही बेकायदा ठरवल्या.

९/ पाठोपाठ मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीला बंदी करणारी सुधारणा लागू झाली. दोन्ही कायद्यांचे हेतू वेगळे. दावणीवर परिणाम मात्र एकत्रच झाला. खोंडाला शेतात काम नाही, मैदानात धाव नाही आणि म्हातारपणी गिऱ्हाईक नाही. दूध न देणाऱ्या जनावराचा चारा कोणत्या हिशेबात बसवायचा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे राहिला.

१०/ जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलत दिली. न्यायालयाने ती लगेच स्थगित केली. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले आणि तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केला. पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांनी पोलीस बंदोबस्ताला चकवून पहाटे शर्यत घडवली. तोवर हा वाद राजकारणाचाही झाला होता.

११/ १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतर १००० मीटरपेक्षा जास्त असता कामा नये आणि बैलाला इजा केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१२/ मैदाने परतली ती मोठी होऊन. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातील भाळवणीच्या शर्यतीत पहिले बक्षीस थार मोटार होते. शर्यतीमुळे खिल्लार वाचतो, हा दावा निराधार नाही. मात्र तो अपुरा आहे. मैदान वाचवते ते वेगवान खोंडाला. त्याच गाईचे संथ वासरू, आणि ती गाय स्वतः, यांच्यासाठी मैदानात बक्षीस नसते.

१३/ म्हणून या इतिहासाचा निकाल थारच्या किल्लीत शोधू नये. तो आदत मैदानाच्या कडेला, हरलेल्या खोंडाचा कासरा धरून घरी निघालेल्या शेतकऱ्याच्या हिशेबात आहे. पुढच्या हंगामापर्यंत त्याने ते खोंड दावणीला ठेवले, तरच खिल्लार टिकेल.