तनख्यासाठीं गहाण पडलेला मुलूख

गेल्या पौषांत धाराशिवास एका बँकेंत कांहीं कामासाठीं बराच वेळ बसावें लागलें. दारावर दुनळी बंदूक घेऊन उभे असलेले गृहस्थ पलटणींतून निवृत्त झालेले हवालदार आहेत, हें त्यांच्या ताठ कण्यावरून कोणाच्याही ध्यानांत आलें असतें. सहज बोलणें निघालें, तेव्हां ते म्हणाले, “सर, पलटणीत होतो तंवर पगाराची तारीख ध्यानात ठेवायचं कारणच पडलं नाही. आता दर महिन्याला ठेकेदाराला फोन लावून विचारावं लागतं.” त्यांच्या स्वरांत तक्रारीपेक्षां नवलच अधिक होतें.

परततांना वाटेंत नळदुर्ग लागला. बोरी नदीचें पाणी अडवून आदिलशाही अमदानींत बांधलेला पाणीमहाल पाहावयास पावसाळ्यांत लोकांची रीघ लागते. त्या दिवशीं मात्र किल्ल्यांत शांतता होती. तेथें उभा असतां हवालदारांचे शब्द पुन्हां आठवले, व त्यासरशीं एक जुनी हकीगतही आठवली. हा किल्ला, हें धाराशिव, हा भोवतालचा सारा मुलूख इ. स. १८५३ मध्यें एका फौजेच्या पगारापायीं परक्याच्या हवालीं झाला होता. शिपायाचा तनखा थकला म्हणजे त्याची झळ केवळ शिपायाच्याच घरास लागते असें नाहीं. कधीं कधीं ती अख्ख्या जिल्ह्यास सोसावी लागते. हें कसें घडतें, तें पाहण्यासारखें आहे.

एका सैन्यांतली नोकरी सुटली म्हणजे आपली विद्या घेऊन दुसऱ्या धन्याकडे जाणारा शिपाई आमच्या इतिहासास नवा नाहीं. अशा मनुष्यास ‘भाडोत्री’ म्हणून नाक मुरडण्याची आपणांस संवय आहे. परंतु इब्राहिमखान गारदी काय होता? बुसी ह्या फ्रेंच सेनापतीच्या हाताखालीं तो कवायती युद्ध शिकला, निजामाच्या चाकरींत राहिला, आणि तेथून निघून पेशव्यांकडे आला. इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीरच्या मोहिमेंत त्यानें आपल्या जुन्याच धन्यावर तोफा डागल्या. पुढें पानिपतावर त्यानें काय केलें, तें मराठी वाचकांस सांगावयास नको. पण काशीराज पंडितानें त्या दिवसाच्या वृत्तांतांत नमूद केलेली एक गोष्ट सहसा आपल्या लक्षांत राहत नाहीं. आपल्या लोकांचा पगार दरमहा चुकता व्हावा, असा इब्राहिमखानाचा सदैव आग्रह असे, व त्यापायीं भाऊसाहेबांची मर्जी खप्पा होई. युद्धाच्या दिवशीं त्यानें त्याच गोष्टीची आठवण दिली. ह्या महिन्याचा तनखा मिळालेला नाहीं, तरीही आज आम्ही आपलें काम चोख करून दाखवूं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. आणि त्यानें तें दाखविलें. पगारासाठीं भांडणारा मनुष्य पगारावांचूनही मरावयास तयार झाला. ह्यांत विसंगति नाहीं. ज्याचा हिशेब आजवर चोख राखला गेला, तोच एका महिन्याची उधारी अभिमानानें सोडूं शकतो.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचें असेल तर तेरा वर्षें पुढें यावें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तोही गारद्यांच्याच हातून. कटाचीं सूत्रें निराळीं होतीं, हें खरें. परंतु वाड्यांत शिरावयास गारद्यांनीं जें निमित्त पुढें केलें, तें थकलेल्या पगाराचें होतें. आणि तें निमित्त कोणास खोटें वाटलें नाहीं, हीच खरी ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट आहे. तनखा थकला म्हणजे शिपायांनीं सरदाराच्या दारांत धरणें धरून बसावें, ही त्या काळीं नित्याची गोष्ट होती. ज्या राज्यांत शिपायांचा तगादा हा रोजचाच देखावा झाला, त्या राज्यांत खुनी मनुष्यही तगादेदाराच्या वेषांत आंत शिरूं शकतो.

आतां आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर येऊं. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याहून परांड्याकडे कूच करणाऱ्या निजामअल्लीच्या फौजेवर मराठ्यांनीं हल्ला केला. निजामाकडील कवायती पायदळ रेमंड ह्या फ्रेंच माणसाचें. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेरों ह्या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या हुकमतींत. एकाच देशांतून आलेले दोन पुरुष मराठवाड्याच्या माळावर एकमेकांवर तोफा डागीत होते. रेमंडच्या पलटणी टिकल्या, निजामाचा धीर टिकला नाहीं; तो रात्रीं खर्ड्याच्या गढींत शिरला व शेवटीं त्यास तह करावा लागला. पण ह्या प्रसंगाचें खरें मर्म लढाईंत नसून हिशेबाच्या वहींत आहे. ह्या पलटणींचा खर्च भागे कसा? महादजी शिंद्यांनीं डिबॉयनला त्याच्या फौजेच्या तनख्यासाठीं दुआबांतील मुलूख लावून दिला होता, निजामानें रेमंडला मेदकचा मुलूख दिला. ह्या पद्धतीस जायदाद म्हणत. रोख रक्कम खजिन्यांत नाहीं, म्हणून जमिनीचा वसूलच फौजेच्या नायकाकडे सोंपवावयाचा! दरबारास ही युक्ति सोयीची वाटे. पण तिचा अर्थ असा, कीं ज्याच्या हातीं तलवार त्याच्याच हातीं वसूल गेला, आणि रयतेची दाद ऐकावयास तिसरा कोणी उरला नाहीं.

अशी फौज किती ठिसूळ असते, हें इ. स. १७९८ मध्यें दिसलें. रेमंड त्याच वर्षीं मार्चांत वारला होता. इंग्रजांशीं झालेल्या नव्या तहान्वयें ऑक्टोबरांत त्याच्या पलटणी मोडावयाच्या ठरल्या. त्यांत दहा हजारांहून अधिक शिपाई होते, तरी रक्त सांडावें लागलें नाहीं. थकलेल्या तनख्यावरून शिपायांनीं आपल्याच अधिकाऱ्यांस अटकेंत टाकलें होतें; बाकी मिळेल असें वचन मिळतांच त्यांनीं हत्यारें खालीं ठेविलीं.

इंग्रजांनीं हा धडा चांगला गिरविला. फ्रेंच गेले, परंतु भाड्याच्या फौजेची रीत तशीच राहिली. तिला फक्त तहाचें कलम आणि रेसिडेंटाचा हुकूम चिकटला. रेसिडेंट हेन्री रसेल ह्यानें उभारलेल्या ‘रसेल ब्रिगेड’मधून पुढें हैदराबाद कंटिंजंट ही फौज वाढली. नांव निजामाचें, पैसा निजामाचा, हुकूम मात्र रेसिडेंटाचा. इ. स. १८०० च्या तहानें निजामावर युद्धकाळीं कुमक देण्याचें बंधन होतें. शांततेच्या काळीं ही फौज पोसण्याचें नव्हतें, हें स्वतः लॉर्ड डलहौसीनेंही कबूल केलें आहे. तरी ती वर्षानुवर्षें पोसली गेली. तिच्या तनख्यासाठीं पामर आणि कंपनी ही हैदराबादेंतील पेढी शेकडा चोवीस-पंचवीस दरानें कर्ज देई व तारण म्हणून मुलखाचा वसूल लिहून घेई. बिचारा निजाम सर्वांचे पैसे भरतो, अशी थट्टा गोऱ्या अधिकाऱ्यांत चाले. पेढी बुडाली, पण कर्ज बुडालें नाहीं. तें कंपनी सरकारच्या नांवें चढत गेलें. अखेर २१ मे १८५३ रोजीं नासिरुद्दौला निजामानें तहावर सही केली. किमान पांच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार व चार तोफखाने एवढ्या फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिव हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला. ज्या शेतकऱ्यानें कंटिंजंटचा शिपाई जन्मांत पाहिला नव्हता, त्याच्या जोंधळ्याच्या राशीवर त्या शिपायाच्या पगाराचा बोजा बसला.

नळदुर्गास कारभारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. हाही मूळचा निजामाच्याच फौजेंतला. कंपनीच्या मानाच्या नोकरवर्गांत त्याची गणना नव्हती. त्यानें येथें जमिनीची मोजणी केली, रस्ते व तलाव यांकडे लक्ष दिलें, आणि पुढें तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. त्याच्याविषयीं लोकांच्या मनांत आदर राहिला, तो रास्तच होय. परंतु कारभारी चांगला निघाला म्हणून गहाणखत चांगलें ठरत नाहीं. इ. स. १८६० च्या तहानें पन्नास लाखांचें कर्ज माफ होऊन नळदुर्ग व रायचूर दुआब निजामाकडे परत आले; वऱ्हाड मात्र सुटलें नाहीं.

ह्याच काळीं हैदराबादेंत अरब जमादारांचा मोठा दबदबा होता. शिपाईगिरी, सावकारी आणि वसुली हे तिन्ही धंदे ते एकत्र करीत. तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे तारण पडले होते, व ते सोडवितांना सालारजंगास फार सायास पडले. त्यांतील एका कुऐती जमादारानें येथील कमाईच्या बळावर अरबस्तानांतील हद्रमौत प्रांतांत राज्यच स्थापिलें, आणि तें इ. स. १९६७ पर्यंत टिकलें.

ह्यावरून भाड्याचा शिपाई जातीनेंच वाईट, असें कोणी म्हणेल तर त्यास उत्तर ह्याच कंटिंजंटच्या उत्तरचरित्रांत आहे. इ. स. १९०३ मध्यें ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली. तिच्या पायदळाची परंपरा हैदराबाद रेजिमेंटमध्यें चालली, आणि इ. स. १९४५ मध्यें त्या रेजिमेंटचें नांव कुमाऊँ रेजिमेंट असें झालें. स्वतंत्र भारताचें पहिलें परमवीरचक्र ज्यांस मरणोत्तर मिळालें, ते मेजर सोमनाथ शर्मा ह्याच रेजिमेंटचे. ज्या फौजेच्या तनख्यापायीं आमचा जिल्हा गहाण पडला, तिच्याच वारसांनीं १९४७ मध्यें बडगामला काश्मीर राखलें. शिपाई तोच, कवायत तीच; बदललें इतकेंच, कीं त्याचा पगार सार्वजनिक तिजोरींतून ठरल्या तारखेस निघूं लागला, आणि त्याच्या बंदुकीचा जाब कोणाला द्यावयाचा, हें कायद्यानें ठरलें.

आज जगांत पुन्हां खासगी फौजांचे दिवस आले आहेत. इ. स. २००८ मध्यें स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथें कित्येक राष्ट्रांनीं अशा फौजांसंबंधीं राज्यांचीं कर्तव्यें लिहून काढलीं. तरी २०२३ च्या जूनमध्यें रशियांतील वॅग्नर नांवाच्या खासगी फौजेनें आपल्याच राजधानीच्या रोखानें कूच केलें. तेथील तंटा, हुकूम कोणाचा मानावयाचा, हा होता. बँकेच्या दारावरील एकट्या पहारेकऱ्याची त्या फौजेशीं तुलना करणें हास्यास्पद होईल. आमच्याकडे खासगी सुरक्षा संस्थांसाठीं २००५ चा कायदा आहे, परवान्याची अट आहे. पण परवाना संस्थेस मिळतो. तनखा मनुष्यास मिळावा लागतो, आणि तो वेळेवर मिळतो कीं नाहीं, हें ज्याच्या दारावर पहारा आहे त्यानेंच विचारलें पाहिजे. ठेकेदारास रक्कम दिली कीं आपलें कर्तव्य संपलें, ही समजूत निजामाच्या दरबारचीही होती.

निघतांना हवालदारांस मीं विचारलें, “ह्या महिन्याचा झाला का?” ते हंसून म्हणाले, “नाही सर, अजून नाही. पण होईल. पहारा काय, तेवढ्यासाठी सोडता येतो का?” पानिपतावरचा इब्राहिमखान ह्याहून निराळें काय बोलला होता? असें बोलणारीं माणसें आजही आमच्या दारांत उभीं आहेत, हें आमचें भाग्य. आणि त्यांस असें बोलावें लागतें, हा आमच्यावरील बाकीचा आंकडा होय.