वारा, टॉवेल आणि कोल्हापूरचा कप

मे महिन्यातला शेवटचा शनिवार. लॅपटॉप घरी ठेवून मावशीकडे खोताच्या वाडीत गेलो होतो. जेवण झालं, मावशी जरा आडवी झाली आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. (ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी : गिरगावात, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील अशा गल्ल्या, लाकडी जिने, गॅलऱ्या, कौलं आणि मधूनच एखादा क्रूस. नाव पडलं ते दादोबा वामन खोत यांच्यावरून. जुनी घरं आता थोडीच उरली आहेत, तेव्हा लवकर जाऊन या.)

समोर दोन पोरं बॅडमिंटन खेळत होती. थोरली बारा-तेरा वर्षांची, धाकटा तिच्याहून लहान. पाऊस जवळ आला की चौपाटीकडून जो वारा सुटतो तो त्या दिवशी जोरात होता. धाकट्याचं फूल दर वेळी कुणाच्या तरी गॅलरीत. थोरलीचं मात्र बरोबर समोर. जरा वेळ बघितल्यावर लक्षात आलं, सर्व्हिस करण्याआधी ती वर बघते. वरच्या मजल्यावर दोरीला टॉवेल वाळत होते, ते खाली लोंबायला लागले की मारते. न राहवून विचारलं. तर म्हणाली, "काका, खालचा वारा खोटा असतो. वरचा टॉवेल बघायचा."

(काका! असो.)

मंडळी, या एका वाक्यासाठी लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत माणसं अख्खी हयात घालवतात. आणि या खेळाच्या इतिहासात एक मराठी नाव दीडशे वर्षांहून जास्त काळ अडकून बसलंय, ते आपल्यापैकी फारसं कुणाला माहीत नसतं. आजचा लेख त्यावर.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

आपल्याला वाटतं की नेमबाजी म्हणजे हात स्थिर ठेवणं. तीनशे यार्डांच्या पुढे हात स्थिर असणं ही फक्त प्रवेश फी. खरा खेळ वाऱ्याचा. आजची स्पर्धेची रायफल घेतली तर ६०० यार्डांवर, म्हणजे साधारण ५५० मीटरवर, गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला पाऊण मीटर तरी बाजूला नेतो. आणि पाच गुणांचं मधलं वर्तुळ केवढं? साधारण ३२ सेंटीमीटर, म्हणजे एका फुटाच्या पट्टीएवढं. वाऱ्याचा विचार न करता अगदी मधोमध नेम धरलात तर गोळी त्या वर्तुळाच्या जवळपासही जाणार नाही.

आता गंमत बघा. वारा गोळीला किती ढकलेल हे गोळी हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवा नसती तर तिला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा किती जास्त लागला, त्या उशिरावर ठरतं. म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले उशीर. आपल्या भाषेत बोलायचं तर नुकसान लेटन्सीने होत नाही, वाढलेल्या लेटन्सीने होतं :)

दिशेचा हिशोब घड्याळावर. लक्ष्य बारा वाजता. तीन किंवा नऊ वाजताच्या दिशेने येणारा वारा पूर्ण धरायचा, एक वाजताचा अर्धा (साइन ३०, दहावीची आठवण काढा). मग सगळ्यात सोपा वारा कुठला? समोरून येणारा, बारा वाजताचा, असं वाटतं ना? तोच सगळ्यात बदमाश. कारण तो जरा साडेअकराकडे सरकला की गोळी एका बाजूला, साडेबाराकडे सरकला की दुसऱ्या बाजूला. माशाच्या शेपटीसारखा हलतो. जोरदार पण एका दिशेचा वारा परवडला, हा नको.

बरं, वारा दिसत नाही. मग बघायचं काय? रेंजवर जागोजागी निशाणं लावलेली असतात. दुर्बिणीतून उन्हातली हवेची थरथर दिसते, आपण जिला मृगजळ म्हणतो ती. ती ज्या बाजूला वाहते त्या बाजूला वारा. पण पाचशे मीटरमध्ये एकच वारा नसतो. नळीजवळ एक, मध्यावर दुसरा, लक्ष्याजवळ तिसरा. नळीजवळच्या वाऱ्याने सुरुवातीलाच थोडा कोन बिघडवला तर तो पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो. उलट मध्यावर गोळी जमिनीपासून जास्त उंच असते आणि उंचावर वारा जोरात असतो. म्हणजे कुठल्या निशाणावर विश्वास ठेवायचा, हाच प्रश्न. खालचा वारा की वरचा टॉवेल?

सांघिक सामन्यात तर ही कामंच वाटून दिलेली असतात. नेमबाज पालथा झोपलेला, त्याने फक्त चाप ओढायचा. त्याच्या मागे दुर्बीण लावून एक प्रशिक्षक बसतो, तो वारा वाचतो आणि रायफलीची माशी किती सरकवायची ते सांगतो. त्याने 'थांब' म्हटलं की थांबायचं, 'मार' म्हटलं की मारायचं. चुकला तो, तरी गुण गेले तुमचे. (ज्यांनी दुसऱ्याच्या एस्टिमेटवर डेडलाइन पाळली आहे त्यांना ही भावना कळेल.)

आता इतिहास.

१८६० साली, लंडनजवळ विंबल्डनच्या माळावर इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळा भरला. पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियाने. म्हणजे रायफल एका घोडीवर पक्की बसवली होती आणि राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. लक्ष्य ४०० यार्डांवर, आणि गोळी जवळजवळ मधोमध. पुढे दर उन्हाळ्यात हा मेळा भरायला लागला. तंबू, निशाणं, गर्दी, एखाद्या जत्रेसारखं. १८९० साली तो सरे परगण्यातल्या बिझ्ली या गावी हलला, आणि आजही जुलैमध्ये तिथेच भरतो.

या मेळ्यात एक आंतरराष्ट्रीय सांघिक सामना होतो. आठ जणांचा संघ. ३००, ५०० आणि ६०० यार्ड. प्रत्येकाच्या प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे एकूण १२००. नाव आहे 'कोलापोर'.

हो, हे आपलं कोल्हापूरच. इंग्रजांनी केलेला उच्चार.

हा कप १८७१ सालचा, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाचा. (शाहू महाराजांचे सुपुत्र राजाराम महाराज ते वेगळे. हे त्यांच्या आधीचे.) १८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं असं मानणारा तो काळ. त्यात एक हिंदू राजा बोटीत बसतो ही साधी गोष्ट नव्हती. तिकडे त्यांनी राणीची भेट घेतली, बरंच काही पाहिलं आणि इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ते आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. वय वर्षं वीस.

फ्लॉरेन्समध्ये अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचं दहन झालं. त्या जागी आज एक छत्री आहे, तिच्याखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. जवळच्या पुलाला इटालियन लोक 'पोंते अल्लिंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीयाचा पूल. रोजनिशी १८७२ मध्ये छापून आली. कप मैदानावर आला तेव्हा त्यांना जाऊन महिने लोटले होते. ज्याच्या नावाचा कप, त्याने तो सामना कधी पाहिलाच नाही.

इथपर्यंत गोष्ट हळवी आहे. पुढची कडू आहे.

कप सुरू झाल्यावर सातच वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला. हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा. पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट. म्हणजे बघा, फोर्टातला गोरा साहेब रविवारी सकाळी खांद्याला रायफल लावून चांदमारीला जाऊ शकत होता. त्याच्याच ऑफिसात हिशोब लिहिणारा गिरगावातला कारकून मात्र परवान्याशिवाय ती हातात धरू शकत नव्हता. गोऱ्यांच्या हौशी स्वयंसेवक पलटणी होत्या, तिथे नेमबाजी शिकता यायची. तिकडेही सर्वसाधारण हिंदी माणसाला दार बंद.

हे लोकांना टोचत होतं. वाडीतून चालत जाता येईल अशा गोवालिया टँकवर, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात, डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला ठराव झाला की हिंदी लोकांना स्वयंसेवक पलटणीत घ्या, आणि १८८७ ला मद्रासला शस्त्र कायद्याबद्दल. आपल्याला शाळेत हे सगळं 'मवाळांच्या मागण्या' या एका ओळीत शिकवतात. मला तरी ते आता वेगळं दिसतं. तिकडे विंबल्डनला साम्राज्यातले संघ कोल्हापूरच्या राजाच्या नावाचा कप जिंकायला झगडतायत, आणि इकडे गिरगावच्या पोरांना परवान्याशिवाय सरावाची पहिली गोळीसुद्धा झाडायची मुभा नाही.

वारा सगळ्यांना सारखाच असतो हो. रेंज सारखी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदललं. १९५१ मध्ये भारताची राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कोण? लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. अहमदाबादेतलं वकिली डोकं, पण घराणं मूळ कोकणातलं. अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा त्यांच्याच नावाची. १९५९ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला.

मग आपल्या मुंबईची गोष्ट. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमध्ये असलेल्या एका मुलीने वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर रायफल उचलली, आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. अंजली भागवत. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली तेव्हा आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. तिची ती स्पर्धा दहा मीटरची, बंद हॉलमधली. वाऱ्याचा संबंध नाही.

वाऱ्यात जाऊन जिंकणारी आली ती थेट कोल्हापुरातून. ऑगस्ट २०१०, म्युनिक, जागतिक अजिंक्यपद. पालथं झोपून ५० मीटरवर साठ गोळ्या. अंतर लहान वाटतं, पण ही पॉइंट टू-टू ची मंद गोळी असते. मघाच्याच वाऱ्यात ती दोन-अडीच सेंटीमीटर सरकते, आणि इथे एक गुण म्हणजे आठ मिलिमीटर. मधलं दहाचं वर्तुळ तर जेमतेम एक सेंटीमीटरचं. तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ केले, जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि सुवर्णपदक घेतलं. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. साठ वेळा वारा वाचायचा, तोही स्वतःच, आणि साठपैकी जास्तीत जास्त तीनदा चुकायचं. मी सोमवारच्या एका दिवसात याहून जास्त चुका करतो.

आणि मग २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन पवित्र्यांत. पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा, आणि १ ऑगस्टच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्य. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी जिंकलं त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

म्हणजे कोल्हापूरचं नाव १८७१ मध्ये लांब पल्ल्याच्या नेमबाजीत गेलं, आणि कोल्हापूरचं माणूस जगज्जेतं व्हायला २०१० उजाडलं. एकशे एकोणचाळीस वर्षं. कोल्हापूरच्या हवेत किंवा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात काही खास आहे असं म्हणायला मलाही आवडेल, पण तसं नाही. डोळे तेच, हात तेच. मधल्या काळात आडवे आले ते कायदा, परवाने, गोळ्यांची किंमत आणि रेंज. आजही ही साधनं किती जणांच्या आवाक्यात आहेत ते तुम्हीच बघा. गिरगावातल्या एखाद्या पोराला आज संध्याकाळी ५० मीटरवर सराव करावासा वाटला तर तो कुठे जाईल?

मी ओट्यावरून उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. वारा वाढला होता, टॉवेल आता दोरीला जवळजवळ आडवे. धाकटा कंटाळून म्हणाला, "ताई, मार ना!" ती फूल हातात धरून वर बघत तशीच उभी. बरंच थांबली. मग काय वाटलं कोण जाणे, फूल खिशात टाकलं नि म्हणाली, "आता नको. उद्या सकाळी खेळू."

मला वाटतं, हे जमणं सगळ्यात कठीण.

आत मावशीने चहा टाकला होता.