पांढऱ्या कागदावरील घाव

काळ हें सर्व दुःखांवरचें औषध होय, असें आपण सहज म्हणून जातों. वंगीय शिल्पकार व मुद्राचित्रकार सोमनाथ होर (१९२१-२००६) ह्यांचें कार्य पाहिलें म्हणजे ह्या वचनाविषयीं शंका येऊं लागते.

चितगांव जिल्ह्यांत जन्मलेल्या ह्या कलावंतानें १९४३ चा बंगालचा दुष्काळ ऐन तारुण्यांत पाहिला. चित्रकार चित्तप्रसाद ह्यांच्या प्रोत्साहनानें त्यांनीं भुकेल्यांचीं रेखाटनें केलीं. पुढें १९४६ मध्यें, अर्धेलीनें जमीन कसणाऱ्यांना पिकाचा दोनतृतीयांश वांटा मिळावा म्हणून उत्तर बंगालांत तेभागा चळवळ उठली, तिची त्यांनीं सचित्र रोजनिशी ठेविली. ह्या चित्रांतील माणसांना चेहरे आहेत, गांव आहे.

परंतु १९७१ पासून, बंगालांत पुन्हां रक्त सांडत असतां, शांतिनिकेतनांत त्यांनीं ज्या 'जखमा' घडविल्या, त्यांत चेहरा नाहीं, गांव नाहीं, शाईदेखील नाहीं. मातीच्या पाटीवर सुरीनें वार करावयाचे, तिचा सिमेंटचा साचा काढावयाचा आणि त्यांत कागदाचा लगदा दाबून बसवावयाचा. वाळल्यावर हातीं येतो तो पांढरा कागद व त्यावर पांढरेच घाव.

होरांनीं जखमेचें चित्र काढलें नाहीं. जखम द्रव्यालाच केली, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. घायाळ झाड आणि ट्रकच्या चाकांनीं उखडलेला रस्ता त्यांना माणसाच्या देहासारखेच जखमी दिसत. ऊनपावसानें झिजलेल्या मूर्तीस आपण सुंदर म्हणतों, कारण ती झीज कोणीं केली हें विचारावें लागत नाहीं. होरांच्या कागदावरील घाव मात्र करणाऱ्याचा हात विसरूं देत नाहीं.

१९७४ च्या सुमारास ते कांस्याकडे वळले. मेणाचे पत्रे कापून, दुमडून, डागून त्यांनीं मूर्ति ओतल्या. त्यांच्या भेगा व सांधे त्यांनीं गुळगुळीत केले नाहींत. व्हिएतनामच्या जनतेस आदरांजली म्हणून घडविलेली त्यांची मोठी माता-बालकाची मूर्ति १९७७ मध्यें पूर्ण होतांच कलाभवनांतून चोरीस गेली, ती पुन्हां मिळाली नाहीं. कांसें युगानुयुगें टिकतें म्हणतात. तें एका चोरीनें नाहींसें झालें, आणि लगद्याचा कागद राहिला.

दुष्काळांत लक्षावधि माणसें मेलीं; त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. अशांच्या स्मारकावर नांव कोणाचें कोरणार? तेव्हां निनांवी घावच त्यांचें खरें स्मारक होय, असें आम्हांस वाटतें.