कार्लाइलच्या शेजारचे कोंबडे

शेजाऱ्याच्या कोंबड्यावरून होणारी कुरबुर फार जुनी आहे. दक्षिण इटलीतील सिबारिस या सुखलोलुप ग्रीक नगरात झोपमोड होऊ नये म्हणून कोंबडे पाळण्यास मनाई होती, असे अथेनेउस हा प्राचीन लेखक सांगतो. या तंट्याचा एक विलक्षण अध्याय मात्र एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घडला.

इतिहासकार टॉमस कार्लाइल आणि त्याची पत्नी जेन 1834 पासून चेल्सीतील चेनी रो येथे राहत होते. शहर वाढत होते, तरी परसात कोंबड्या पाळणारे शेजारी होतेच. कोंबडी अंडे घातल्यावर कलकलाट करते, पण तो दिवसा. खरा उपद्रव कोंबड्याचा. त्याचे आरवणे केवळ उजेडावर अवलंबून नसते. शरीरातील घड्याळ त्याला पहाटेची चाहूल आधीच देते, हे जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. मौनाची थोरवी खंडोगणती सांगणाऱ्या कार्लाइलची झोप अतिशय सावध होती!

1853 मध्ये त्याने घराच्या माथ्यावर एक खोली बांधवली. भिंती दुहेरी, उजेड छतातून. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही आपली म्हण. कार्लाइलने कोंबड्याऐवजी स्वतःलाच झाकून घेतले. प्रयोग फसला. जवळचे आवाज थोडे मंदावले, पण दूरच्या आगगाड्यांच्या शिट्या आत येऊ लागल्या. तरीही प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे सहा खंडांचे चरित्र त्याने याच खोलीत लिहिले. ते 1865 मध्ये पूर्ण झाले.

कोंबड्यांचा बंदोबस्त केला तो जेनने. ती स्वतः निद्रानाशाने पिडलेली होती, पण नवऱ्याच्या झोपेची काळजी तिच्याच माथी आली. शेजाऱ्यांकडे जाणे, आर्जवे करणे, प्रसंगी पैसे मोजून पक्षी हटवून घेणे, हे सारे तिने केले. चरित्र संपले त्याच वर्षी पलीकडे नऊ कोंबड्या आणि एक धिप्पाड कोंबडा दाखल झाला. प्रकृती खालावलेली असतानाही जेन पुन्हा बोलणी करायला गेली आणि कोंबड्याला रात्री तळघरात कोंडण्याचे शेजाऱ्याकडून कबूल करून घेतले. एप्रिल 1866 मध्ये तिचे निधन झाले.

ते घर आता संग्रहालय आहे. माथ्यावरची खोली पर्यटकांना दाखवतात. जेनच्या वाटाघाटी मात्र तिच्या पत्रांतच शोधाव्या लागतात.