शब्दवेध : पिस्तूल

तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, पोर्तुगीज साडेचारशे वर्षे राहिले. त्यांच्याकडून काजू, पगार आणि लिलाव घेताना मराठीने पिस्तूल आणि काडतूसही घेतले. मूळ पोर्तुगीज शब्द ‘पिस्तोला’ आणि ‘कार्तुशो’. तमंचा हा फारसी शब्द आपल्याकडे होताच, पण व्यवहारात पिस्तूलच टिकले.

‘पिस्तोला’चे मूळ काही जण इटलीतल्या पिस्तोया गावात शोधतात. मला पटते ती दुसरी व्युत्पत्ती. पंधराव्या शतकातल्या हुसाइट युद्धांत चेक सैनिक हातातल्या छोट्या बंदुकीला ‘पिश्त्याला’ म्हणत, म्हणजे बासरी किंवा शिट्टी. पोकळ नळीला वाद्याचे नाव! खिशात मावणारे चकमकीचे जुने पिस्तूल पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते कळते. काही पिस्तुलांची नळी फिरवून सुटी करता येई. दारू आणि गोळी मागून भरायची, नळी पुन्हा बसवायची. एवढ्याशा वस्तूतली ही कारागिरी थक्क करते.

सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक नवी नाही. वानर-डुकरांपासून शेत राखायला ती परवान्यावर मिळते. जुन्या घराच्या माळ्यावर पिस्तूल सापडले, तर मात्र चाप ओढून पाहू नका. त्यात जुनी दारू भरलेली असू शकते. गंज घासू नका, कारागिराची खूण त्याबरोबर जाते. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार आधी पोलीस ठाण्यात कळवा.